टोंगारिरोला ग्रुप नेणाऱ्या आपल्या मराठी ॲडमिन मंडळींना खुलं पत्र

नमस्कार ॲडमिन मंडळी,

ऑकलंड, हॅमिल्टन, वेलिंग्टन, जिथे जिथे आपला मराठी ट्रेक ग्रुप आहे तिथल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय, कुठल्या एकाच ग्रुपवर राग काढायचा म्हणून नाही. सप्टेंबर आला की सगळीकडे तोच पोल फिरायला लागतो, टोंगारिरो क्रॉसिंग (इथला, न्यूझीलंडमधला, ज्वालामुखीवरचा एका दिवसाचा ट्रेक), लेबर वीकेंड (ऑक्टोबरच्या शेवटची लांब सुट्टी), कोण कोण येणार, आणि एका दिवसात धडाधड अंगठे पडतात, मग बस ठरते, टी-शर्टचा रंग ठरतो, सकाळी इडली की पोहे यावर तीन दिवस चर्चा चालते, आणि वर हवा बिघडली तर काय करायचं यावर अख्ख्या ग्रुपवर एक मेसेज नसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की अर्ध्यातून मागे कधी फिरायचं आणि ते कोण ठरवणार हे घरून निघायच्या आधी ठरवा, लिहा आणि ग्रुपवर पिन करून ठेवा. बाकी जे लिहितेय ते हे का म्हणतेय ते सांगण्यासाठी.

आधी एक गोष्ट. आपल्यातले निम्मे लोक इथे येताना सह्याद्री डोक्यात घेऊन आलेत. राजगड केलाय, हरिहरच्या पायऱ्या चढलोय, अलंग-मदन-कुलंग झालंय, हे काय टोंगारिरो, डांबरी रस्त्यासारखी वाट आहे, लाकडी बोर्डवॉक आहे, बोर्ड लावलेत, हा टोन मी प्रत्येक वर्षी ऐकते. सह्याद्रीसुद्धा लाव्ह्याचाच आहे हे खरं, पण तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि थंड झाला, आपण त्याच्यावर वडापाव खाऊ शकतो कारण खाली आता काही शिजत नाहीये. टोंगारिरोच्या खाली शिजतंय. आणि उंचीचं म्हणाल तर क्रॉसिंगवरचा सगळ्यात उंच पॉइंट, रेड क्रेटरची कड, 1886 मीटर आहे, आपलं कळसूबाई 1646. त्यात हा भाग विषुववृत्तापासून बराच खाली, आजूबाजूला समुद्र, त्यामुळे पावसाळी ट्रेकमध्ये भिजून गंमत येते तसं इथे होत नाही, इथे भिजलात आणि वारा लागला की हुडहुडी भरते, बोटं वळत नाहीत, माणूस असंबद्ध बोलायला लागतो आणि मग हेलिकॉप्टर.

आता ज्वालामुखीचं. आपल्या ग्रुपवर ज्वालामुखी म्हटलं की कोणीतरी हसतं आणि सांगतं की अरे तो झोपलाय. 6 ऑगस्ट 2012 च्या रात्री बाराला थोडी मिनिटं कमी असताना टोंगारिरोच्या उत्तर बाजूचं टे मारी नावाचं क्रेटर फुटलं, त्याच्या आधी ते शेवटचं फुटलं होतं 1890 च्या दशकात, म्हणजे शंभरहून जास्त वर्षं तिथे शांतता होती. फुटलं तेव्हा मोठमोठे दगड उडाले आणि वाटेवरच्या केटेटाही हटचं, म्हणजे ट्रेकर्सच्या झोपडीचं, छप्पर फोडून आत घुसले, त्या रात्री हटमध्ये कोणी झोपलं नव्हतं म्हणून आपण आज ती गोष्ट सहज सांगतोय. ते रात्री झालं, इथल्या हिवाळ्यात झालं, वाटेवर कोणी नव्हतं. पण त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला तेच क्रेटर परत फुटलं, भर दुपारी दीडच्या आसपास, छान हवेत, आणि तेव्हा डोंगरावर लोक होते, एका शाळेची मुलं आणि शिक्षकसुद्धा होते. पाच मिनिटांत सगळं आटपलं, कोणाला काही झालं नाही. आधी काहीही इशारा नव्हता. वाट पूर्ण उघडायला 2013 चा मे उजाडला. म्हणजे आपण जिथे शेवटच्या उतारावर गुडघे धरून 'आलं का रे पार्किंग' विचारत असतो ना, तो भाग टे मारीच्या बरोबर समोर येतो, आणि तिथे थांबू नका असे बोर्ड लावलेत ते पाहुण्यांना घाबरवायला नाही लावलेत. आपला ग्रुप तिथे थांबून केळी वाटतो.

असं का होतं ते पण सांगते, कारण कारण कळलं की लोक ऐकतात. या डोंगरांच्या पोटात नुसता लाव्हा नाहीये, पाणी आहे, पाऊस आणि बर्फाचं मुरलेलं पाणी खाली तापतं, वरच्या मातीत आणि दगडात खनिजं बसून भेगा बुजतात, आणि कुकरची शिट्टी अडकल्यासारखं प्रेशर साठत राहतं. मग वरचा एखादा कडा घसरला किंवा एखादी भेग मोकळी झाली की ते पाणी एका क्षणात वाफ होतं आणि दगड घेऊन उडतं. याला वर येणारा ताजा लाव्हा लागत नाही, म्हणून मशीनवर आधी फार काही दिसत नाही. 2012 मध्ये ऑगस्टला असंच झालं, आधी कडा घसरला आणि मग स्फोट.

9 डिसेंबर 2019 ला व्हाइट आयलंडवर, म्हणजे फाकारी या ज्वालामुखीच्या बेटावर, स्फोट झाला तेव्हा काय झालं ते इथे राहणाऱ्यांना मी सांगायला नको. दुपारी दोन वाजून अकरा मिनिटं, बेटावर 47 जण, त्यातले 22 गेले. त्या वेळी ज्वालामुखीची अलर्ट लेव्हल 2 होती, ती तीन आठवडे आधी 1 वरून वाढवलेली होती, टूर चालू होत्या. आपल्याकडे लोक जिओनेटचा, म्हणजे ज्वालामुखींवर लक्ष ठेवणाऱ्या इथल्या संस्थेचा, स्क्रीनशॉट टाकतात, 'लेव्हल 1 आहे, चिल', आणि त्यावर हार्ट येतात. अहो, ती लेव्हल डोंगरात आत्ता काय चाललंय ते सांगते, दुपारी काय होईल ते नाही सांगत, आणि लेव्हल कितीही असली तरी स्फोट होऊ शकतो हे जिओनेटवाले स्वतःच दर वेळी लिहितात, फक्त आपण स्क्रीनशॉटमध्ये ती ओळ कापतो.

तरी खरं सांगायचं तर स्फोटापेक्षा मला आपल्या प्लॅनिंगची जास्त भीती वाटते. स्फोट क्वचित होतो, हवा दर आठवड्याला बिघडते.

आपला टिपिकल प्लॅन बघा. ऑकलंडहून रात्री एकला निघायचं, साडेचार तास गाडी, ड्रायव्हर आपल्यातलाच, दिवसभर ऑफिस करून आलेला, पहाटे मांगाटेपोपोला, जिथून वाट सुरू होते तिथे, पोचायचं, अंधारात बूट बांधायचे आणि जवळपास 20 किलोमीटर चालायला लागायचं, आणि संध्याकाळी तेच पाय घेऊन परत साडेचार तास गाडी. डोंगर राहू दे बाजूला, एसएच वन हायवेवर झोप लागून काय होईल याचा तरी विचार करा. जवळच्या नॅशनल पार्क व्हिलेजला किंवा टुरांगीला आदल्या रात्री राहा, माणशी थोडे पैसे जातील, पण टी-शर्ट कमी करा ना, तसाही तो दुसऱ्यांदा कोणी घालत नाही.

दुसरं म्हणजे लेबर वीकेंड. ऑक्टोबरच्या शेवटी वर बर्फ असू शकतो, रेड क्रेटरच्या आधीच्या चढावर सकाळी कडक बर्फ असतो, तिथे स्पोर्ट्स शूज घालून चाळीस माणसं न्यायची हे कोणाच्या डोक्यातून येतं माहीत नाही. तारीख सुट्टी बघून ठरते, डोंगर बघून नाही. फेब्रुवारी-मार्च धरा, आणि एक नाही दोन वीकेंड धरा, पहिला हुकला तर दुसरा.

मागच्या सीझनला मी एका ग्रुपबरोबर होते, नाव घेत नाही. फोरकास्टमध्ये वर जोरदार वारा लिहिला होता, ट्रेकर्सना वाटेपर्यंत सोडणाऱ्या शटलवाल्यांनी त्या दिवशीच्या फेऱ्या रद्द केल्या होत्या, पण आपली स्वतःची बस होती त्यामुळे आपल्याला अडवणारं कोणीच नव्हतं. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, शटल रद्द होणं हीच खरं तर नवख्या माणसाची सेफ्टी आहे, आणि स्वतःची बस केली की आपण ती सेफ्टी स्वतःहून काढून टाकतो. तर पार्किंगमध्ये बसच्या दारात उभं राहून ॲडमिनने विचारलं, जायचं का नाही, हात वर करा. आता रात्रभर प्रवास करून आलेल्या, पैसे भरलेल्या, स्टेटस टाकून बसलेल्या माणसांना तुम्ही मतदान करायला लावलंत तर काय येणार? सगळे हात वर. एक काका हात वर न करता उभे होते, इंडियाहून मुलाकडे आलेले, त्यांच्या सुनेने त्यांचा हात धरून वर केला आणि सगळे हसले.

साउथ क्रेटरची सपाटी येईपर्यंत ठीक होतं. तिथून वर कडेवर चढायला लागलो की वाऱ्याला आडोसा नाही, उजवीकडे रेड क्रेटरचा तो लालबुंद खड्डा, लोखंडाच्या गंजाने तसा लाल झालेला, मध्ये उभा काळा चिरलेला भाग, खालून गंधकाचा वास, आणि वाऱ्याचा झोत आला की लोक चक्क खाली बसत होते. पुढे एमराल्ड लेक्सकडे उतरायची ती घसारा वाट, राख आणि बारीक खडी, घोट्यापर्यंत पाय जातो, टाच रोवून उतरायचं असतं पण ते कोणी सांगितलेलंच नाही. माझ्या पुढे एक मावशी होत्या, गुळगुळीत तळव्याचे वॉकिंग शूज, हातात स्टीलच्या डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात फोन. त्या दोनदा बसल्या, तिसऱ्यांदा बसूनच घसरत निघाल्या, डबा उघडला आणि साबुदाण्याचे वडे त्या राखेतून त्यांच्या पुढे गडगडत गेले. त्या स्वतः हसत होत्या पण हात थरथरत होते, ग्लोव्ह्ज नव्हते, आणि त्यांना खाली आणायला दोघांना पाऊण तास लागला, तोपर्यंत पुढचा ग्रुप ब्लू लेकला पोचून ग्रुप फोटो काढून मोकळा. चालायला येतंय का हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. पोलमध्ये फक्त येणार, नाही येणार आणि बघू असे तीन ऑप्शन होते.

आता त्या तळ्यांबद्दल, कारण सगळी गर्दी त्यांच्यासाठीच आहे. एमराल्ड लेक्सचा तो हिरवा-निळा रंग रेड क्रेटरकडून झिरपून येणाऱ्या खनिजांचा आहे, तळी म्हणजे मुळात स्फोटांनी झालेले खड्डे, त्यात पाणी भरलंय, आणि ते पाणी आम्लधर्मी आहे, थंडगार आहे. थोडं पुढे ब्लू लेक. ही सगळी ठिकाणं इथल्या माओरी लोकांसाठी, नगाटी टुफारेटोआ आणि बाकी इवींसाठी, म्हणजे माओरी जमातींसाठी, पवित्र आहेत, पाण्याला हात लावू नका, ब्लू लेकच्या काठावर खाऊ-पिऊ नका असं स्पष्ट सांगितलेलं असतं. आणि आपले लोक कुठे डबे उघडतात? ब्लू लेकच्या काठावर. म्हणजे अगदी शोधून काढल्यासारखं. वारा नाही, बसायला जागा आहे, बॅकग्राउंड मस्त आहे, म्हणून तिथेच चटई. एका वर्षी तर एकाने एमराल्ड लेकमध्ये पाय बुडवून रील केलं आणि खाली आपल्याच लोकांनी 'स्वर्ग' असं लिहिलं. खायचं असेल तर साउथ क्रेटरला खा किंवा तळी ओलांडून पुढे जा, एवढं सोपं आहे, आणि हे बसमध्येच माईकवर सांगितलं तर कोणी मुद्दाम मोडणार नाही, आपले लोक वाईट नाहीत, त्यांना सांगितलेलं नसतं.

नाउरुहोएवर चढायचं नाही हेसुद्धा सांगा. 2287 मीटरचा तो सुंदर कोन दिसला की आपल्या पोरांच्या पायाला खाज सुटते, त्यात सिनेमात दिसला म्हणून आणखी. इवींनी शिखरावर चढू नका अशी विनंती केलीये, डॉकनेही, म्हणजे पार्क सांभाळणाऱ्या सरकारी खात्यानेही, त्या वाटेच्या खुणा काढून टाकल्यात. वर पायाखालचे दगड सुटतात आणि खालच्याच्या डोक्यात जातात हे वेगळंच. भगवा घेऊन वर फोटो काढायचा प्लॅन एका ग्रुपवर मी स्वतः वाचलाय. शिवरायांचा जयघोष मला तुमच्याइतकाच प्रिय आहे, रायगडावर माझ्याही अंगावर काटा येतो, पण ज्यांचे हे पूर्वज आहेत असं ते मानतात त्या डोंगराच्या डोक्यावर जाऊन आपण आपला झेंडा रोवायचा यात महाराजांचा कुठला मान आहे मला कळलेलं नाही.

आणि हे डोंगर आपल्याला फिरायला मिळतात तेच मुळी त्यांच्यामुळे. 1887 मध्ये टे हेउहेउ टुकिनो चौथे, होरोनुकु, यांनी टोंगारिरो, नाउरुहोए आणि रुआपेहूची शिखरं सरकारच्या ताब्यात दिली, कारण त्या वेळी माओरी जमिनी कोर्टातून तुकड्या-तुकड्यांनी विकल्या जात होत्या आणि या डोंगरांचंही तेच झालं असतं. त्यातून न्यूझीलंडचं पहिलं नॅशनल पार्क झालं. 1990 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं ते निसर्गासाठी, आणि 1993 मध्ये परत आलं ते सांस्कृतिक भूमी म्हणून, त्या नव्या निकषाखाली जगातलं पहिलं. बसमध्ये अंताक्षरी चालते तेव्हा दहा मिनिटं हे सांगायला काय हरकत आहे, पोरं तर इथल्या शाळेत शिकतायत, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असेल, त्यांनाच बोलू द्या.

रुआपेहूच्या क्रेटर लेकचा पण एक प्लॅन शिजतोय असं ऐकलं, म्हणून ते पण आत्ताच बोलून घेते. तिथे क्रॉसिंगसारखी आखलेली वाट नाही. 2797 मीटरचा डोंगर, वर तोंडातच गरम पाण्याचं तळं, जे कधी पंधरा डिग्रीला तर कधी चाळीसच्या वर जातं. 2007 च्या सप्टेंबरमध्ये ते अचानक फुटलं तेव्हा वरच्या शेल्टरमध्ये झोपलेल्या एका क्लाइंबरचा पाय दगडाखाली चिरडला आणि पुढे कापावा लागला. आणि 24 डिसेंबर 1953 ला त्याच तळ्याचा बांध फुटून फांगाएहू नदीतून चिखल-दगडांचा लोंढा उतरला, टांगीवाईचा रेल्वे पूल खिळखिळा झाला, आणि ख्रिसमसला घरी निघालेली रात्रीची गाडी त्याच्यात गेली, 151 माणसं. पण याच गोष्टीचा दुसरा भाग पण ऐका. 1995-96 च्या उद्रेकांनंतर तळ्यावर परत तसाच राखेचा बांध तयार झाला, तो कधीतरी फुटणार हे माहीत होतं, म्हणून आधीच अलार्म बसवले, कोणता रस्ता बंद करायचा, गाड्या कुठे थांबवायच्या हे ठरवून ठेवलं, आणि 18 मार्च 2007 ला तो खरंच फुटला तेव्हा एकाही माणसाला काही झालं नाही. तिथे ऐन वेळी नदीकाठी उभं राहून कोणी हात वर करायला सांगितले नाहीत.

तर माझ्या मागण्या. ग्रुप छोटा करा, बारा-पंधराच्या वर नको, जास्त लोक असतील तर दोन वीकेंडला दोन ग्रुप. पुढे एक आणि शेवटी एक अनुभवी माणूस, आणि शेवटचा माणूस 'परत' म्हणाला तर परत, तिथे ॲडमिनचं पण चालणार नाही. आदल्या संध्याकाळचा मेटसर्व्हिसचा (इथल्या हवामान खात्याचा) डोंगराचा फोरकास्ट बघायचा, टाउपोच्या शहराचा नाही, आणि रेड क्रेटरच्या उंचीवर ताशी 50 किलोमीटरच्या वर वारा असेल तर जायचं नाही. हा आकडा मी माझ्या अनुभवाने सांगतेय, तुम्हाला 45 ठेवायचा असेल तर ठेवा, पण आकडा ठेवा, म्हणजे पहाटे वाद नको. शटलवाल्यांनी रद्द केलं की आपलंही रद्द, स्वतःची बस असली तरी. डॉकचं बुकिंग फुकट आहे, ते करा, म्हणजे वाट बंद झाली किंवा हवा बिघडली तर त्यांचा मेसेज तुम्हाला येतो. जीन्स घालून आलेल्याला बसमधून उतरू देऊ नका, वाईट वाटलं तर वाटू दे, मी सांगते त्यांना.

पैशाचं पण आधीच लिहा, कारण खरी अडचण तीच आहे, रद्द झालं तर बसचे पैसे बुडतात म्हणून लोक वर जातात. पैसे घेतानाच सांगा की हे पैसे तळी दाखवायचे नाहीत, वीकेंडचे आहेत. आणि तळीच बघायची असतील तर टामा लेक्स आहेत ना, फाकापापा व्हिलेजहून जाऊन-येऊन 17 किलोमीटर, ती पण जुन्या स्फोटांच्या खड्ड्यांतलीच तळी, रुआपेहू आणि नाउरुहोएच्या मधल्या खिंडीत, वारा तिथेही असतो पण कुठूनही मागे वळून त्याच वाटेने खाली येता येतं, क्रॉसिंगसारखं अर्ध्यात अडकायला होत नाही. अगदीच हवा वाईट असेल तर टारानाकी फॉल्सचा दोन तासांचा लूप, लाव्ह्याच्या कडेवरून पडणारा वीस मीटरचा धबधबा, आई-बाबांना, लहान पोरांना, सगळ्यांना झेपतो, आणि खाली येऊन गरम चहा. त्या काकांना आणि त्या मावशींना मी खरं तर तिथेच नेलं असतं, त्यांनी मजेत फोटो काढले असते आणि वडे पण शाबूत राहिले असते.

मला माहीत आहे तुम्ही लोक हे फुकट करता, रात्री जागून एक्सेल शीट बनवता, पन्नास जणांचे फोन घेता, कोणाला शाकाहारी, कोणाला जैन, कोणाला खिडकी पाहिजे, आणि वर माझ्यासारखी कोणीतरी पत्र लिहिते. वाईट वाटलं असेल तर बोला माझ्याशी. पण जबाबदारी नको असेल तर 'प्रत्येकाने स्वतःच्या रिस्कवर यावं' अशी एक ओळ खाली टाकून सुटका होत नाही, कारण लोक तुमच्या भरवशावर येतात, डोंगराची माहिती काढून येत नाहीत.

लेबर वीकेंडचा पोल एक-दोन ग्रुपवर ऑलरेडी पडलाय. त्यात वाऱ्याचा आकडा, बॅकअप वीकेंड आणि रद्द करायचं कोण ठरवणार ते नाव, या तीन गोष्टी टाका आणि पोल परत टाका. ज्यांना पटत नाही त्यांनी ग्रुपवरच लिहा, मला पर्सनल मेसेज नको, सगळ्यांना वाचू दे. ग्रुपच्या सगळ्यात मागे चालायला माणूस कमी पडत असेल तर माझं नाव धरा, आणि मग मी परत म्हटलं तर परत.

तुमची,
ऑकलंडच्या ग्रुपमधली एक जुनी मेंबर